तुंबी परत करताना

“दिवे इतक्यात येत नाहीत,” मी म्हटलं. “निखारे आहेत तोवर बसा.”

जेवण झालं होतं. वेलीखालच्या टेबलावर हाडं आणि पावाचे तुकडे तसेच पडले होते. माझी नात माइलेन आणि तिचा धाकटा भाऊ नाचो उठायला तयार नव्हते. वीज गेल्यावर म्हाताऱ्याकडून काय काढायचं हे त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे.

“भुताची सांगा आजोबा,” नाचो म्हणाला. “आणि खरी.”

“एक माहीत आहे. पण ती भुताची आहे की नाही, हे मला सांगता येणार नाही.”

“म्हणजे विहिरीची असणार,” माइलेन म्हणाली. “यांच्या सगळ्या गोष्टी शेवटी विहिरीतच जातात.”

विहिरीपासूनच सुरुवात करावी लागली, त्याला माझा इलाज नव्हता. मी विद्यापीठात भूजल शिकवायचो तेव्हा वर्षातून एकदा हाचाल गावी पाण्याची पातळी मोजायला जात असे. तिथे एलिसेओ पोब्लेतेची ओळख झाली. कांदा पिकवणारा माणूस, घरामागे द्राक्षाच्या चार ओळी. खोटं बोलणारा नाही. मुळात फारसं बोलणाराच नाही. त्याने ही हकीकत मला दोनदा सांगितली, मध्ये बरेच महिने गेले होते, आणि दोन्ही वेळा ती एकसारखी होती. मी सांगताना कुठे कमीजास्त झालं, तर तो दोष माझा धरा.

गेल्याच्या आदल्या वर्षी, पंचवीस मेच्या सुट्टीनंतर आलेला गुरुवार. एलिसेओ दुपारच्या बसने इथे सान हुआनला आला. काम साधं होतं. धाकट्या भावाला, अमादेओला, दोन पायजमे आणि एक स्वेटर पोचवायचा होता. अमादेओ हंगामात इथल्याच एका वाइनच्या कारखान्यात राबायचा. लग्न केलेलं नाही, मूल नाही. टाकी धुवायला म्हणून शिडीने खाली उतरला आणि तिथेच आडवा झाला. वाइन काढून घेतल्यावर टाकीच्या तळाशी जी हवा उरते, तिला वास नसतो. आधी दोरीला पेटती मेणबत्ती बांधून खाली सोडायची असते. ती विझली, तर माणसाने उतरायचं नाही. त्या दिवशी ती सोडली होती की नाही, यावर अजून भांडण चालू आहे.

अमादेओला बाहेर काढलं तेव्हा हृदय चालू होतं. त्यानंतर तो इथल्या रुग्णालयात यंत्रावर होता.

एलिसेओने पायजमे नर्सच्या हातात दिले. मग डॉक्टरीणबाईंनी त्याला कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं. तरुण बाई, कोर्दोबाकडची.

“एलिसेओ, श्वास यंत्र घेतंय. तो नाही घेत.”

“हो.”

“तो परत येईल असं आम्हाला वाटत नाही. यंत्र काढायचं की ठेवायचं, हे घरच्या माणसाने सांगायचं असतं. घरी दुसरं कोण आहे?”

“कुणी नाही.”

“मग तुम्हालाच सांगावं लागेल. उद्या सकाळी आठला या. आजची रात्र विचार करा.”

“बरं,” एलिसेओ म्हणाला. कांद्याचा भाव ऐकून म्हणावं तसं. तो मला म्हणाला, डॉक्टर बोलत होत्या तेव्हा मी त्यांच्या बुटांकडे बघत होतो. एका बुटाची नाडी मळलेली होती, दुसऱ्याची नव्हती. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

रुग्णालयामागे एक स्वस्त हॉटेल आहे. नाव सांगत नाही, मालकीण भली बाई आहे. तिथे सहलीला आलेलं कुणी उतरत नाही. गावाकडून आलेली, आत कुणीतरी पडलेलं आहे अशीच माणसं असतात. मालकीण इरिसबाई दाराशी बादलीत फडकी पिळत बसली होती. कारण संध्याकाळपासून झोंडा सुटला होता. आमच्याकडे मे म्हणजे हिवाळा तोंडावर, आणि भट्टीचं दार उघडावं तसा डोंगराकडून वारा. आभाळ विटकरी. असा वारा सुटला की दाराखिडक्यांच्या फटीत ओली फडकी कोंबायची आणि गप्प बसायचं.

“एका खाटेची खोली द्या,” एलिसेओ म्हणाला.

“एका खाटेच्या भरल्या सगळ्या. दोन खाटांची घ्या, भाडं एकाचंच द्या. दुसरी खाट काय खायला मागते थोडीच?” तिने मानेनेच रुग्णालयाकडे दाखवलं. “कोण आहे?”

“भाऊ.”

“थोरला?”

“धाकटा.”

“अरेरे. काय म्हणतायत?”

“उद्या सकाळी मी सांगायचंय. ठेवायचं की नाही.”

इरिसबाईचे हात थांबले. फडक्यातून पाणी तसंच गळत राहिलं.

“झोंड्यात?” ती म्हणाली. “अहो, झोंडा वाहत असताना माणसाने केस कापू नयेत, विहिणीशी बोलू नये. आणि असलं काही तर मुळीच ठरवू नये. मी झोंड्यात लग्नाला हो म्हटलं होतं. ते बघा काय झालं ते.”

आत टीव्हीसमोर तिचा नवरा तोंड उघडं टाकून झोपला होता.

“मी जागा आहे,” नवरा डोळे न उघडता म्हणाला.

“जागाच असतोस तू. तेच तर दुखणं आहे.”

एलिसेओला हसायला यायला हवं होतं. नाही आलं. बाईने त्याला ओल्या फडक्यांचा पिळा दिला, थर्मासमध्ये उकळतं पाणी भरून दिलं, आणि उरलेला मक्याचा लोक्रो खाणार का विचारलं. तो नको म्हणाला. खोली मागच्या बाजूला होती, तळमजल्यावर. दोन लोखंडी खाटा, मध्ये वीतभर उंचीचं मेज. त्याने फटी बुजवल्या. दाराला कडी घातली. बाहेर पत्रे वाजत होते.

साडेअकराच्या सुमारास वीज गेली.

अंधारात तो आपल्या खाटेच्या कडेवर बसून राहिला. विचार कर, असं स्वतःला सांगत होता. विचार येत नव्हता. कांद्याचं रोप कधी लावायचं हे डोक्यात येत होतं. शेवटी त्याने पिशवीतून तुंबी काढली, पाला भरला, नळी खोचली आणि चहासारखं गरम, कडू माटे करायला घेतलं. त्याला उजेड लागत नाही. तुंबी भरत आली की पाण्याचा आवाज बदलतो, त्यावरून हात थांबतो. पहिली, सगळ्यात कडू, ओतणाऱ्याची. ती त्याने प्यायली.

दुसरी भरली. आणि न कळत समोर धरली.

सवय, दुसरं काय. चाळीस वर्षं रोज पहाटे दोघं भाऊ घराच्या पायरीवर असेच बसत. थोरला ओतणार, धाकटा पिणार.

हात पुढे धरलेला होता. तो मागे घेणार...

तुंबी हातातून गेली.

हिसकावली गेली नाही, पडली नाही. रोज पहाटे जशी घेतली जायची, तशीच घेतली गेली. बोटाला बोट लागलं नाही. नुसतं वजन गेलं.

मग समोरच्या खाटेची तार करकरली. आणि नळीतून ओढल्याचा आवाज. सावकाश. तळाशी जाऊन खुरखुर झाली.

तुंबी परत हातात आली. रिकामी.

“ओरडला का नाही तो?” नाचो म्हणाला.

“मीही विचारलं. तो म्हणाला, ओरडायला आधी भीती वाटावी लागते. मला ती नंतर वाटली. तेव्हा मी आपली पुन्हा भरली.”

“का पण?”

“कारण समोरचा काही बोलला नव्हता. तू चार वर्षांचा होतास तेव्हा पहिल्याच तुंबीला शहाण्यासारखा ‘आभार’ म्हणालास, आठवतं? मग तुला कुणी पुन्हा देईना, म्हणून भोकाड पसरलं होतंस. आभार म्हटलं की झालं. पुरे, आता मला नको. मुकाट्याने परत दिली, तर त्याला अजून हवी आहे. आणि हवी असेल तर ओतणाऱ्याने ओतायची. मध्येच हात आखडता घेणं म्हणजे माणसाला दारातून हाकलणं.”

एलिसेओने भरली. धरली. गेली. करकर. खुरखुर. परत आली.

काही बोलणं नाही.

पुन्हा भरली.

केव्हातरी त्याच्या लक्षात आलं, की आपण मधली आपली तुंबी घेतच नाही. घसा कोरडा पडला होता. ओठांना चिरा गेल्या होत्या. तरी आपली पाळी घ्यावी असं वाटत नव्हतं. हात समोरच जात होता.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. थर्मास हलका होत नव्हता.

तेव्हा भीती वाटली.

“अमादेओ,” तो म्हणाला.

बाहेर पत्रा वाजला.

“अमादेओ, तूच ना?”

...

“हे बघ. उद्या मला विचारणार आहेत. मला कळत नाही रे. बाबा गेले तेव्हाही सगळं मीच ठरवलं, रान विकायचं मीच ठरवलं, तू नुसता खांदे उडवायचास. दादा बघेल. आता तरी तू सांग. पुरे झालं असेल, तर म्हण. म्हणतात तसं म्हण. मी ऐकेन.”

तुंबी परत आली.

काही नाही.

त्याने भरली. पाणी सांडलं, हात भाजला. कळलं नाही. गेली. करकर. खुरखुर. आली. काही नाही. भरली. खोलीत धूळ शिरली होती, दातांत कचकचत होती. फटी बुजवलेल्या होत्या. तरी. भरली. गेली. आली.

काही नाही.

भरली.

पहाटेकडे कधीतरी झोंडा थांबला. तो कसा थांबतो तुम्हाला माहीत आहे. कमी होत जात नाही. चालतं यंत्र बंद करावं तसा एकदम. पत्रे गप्प. रस्ता गप्प. स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू यावं इतकं गप्प.

त्या शांततेत तुंबी परत आली.

आणि खाटेवरून आवाज आला.

“आभार.”

एवढंच. घोगरा, कोरडा. बाईचा नव्हे, एवढं तो खात्रीने सांगतो. अमादेओचा होता का? “असेल,” तो मला म्हणाला. “घशात नळ्या घातलेल्या माणसाचा आवाज कसा असतो, मला काय माहीत?”

तो तुंबी मांडीवर घेऊन उजाडेपर्यंत बसला. समोर पुन्हा काही हललं नाही. त्याला हलकं वाटलं. तो कबूल करतो. ठरवायचं काम आपल्यावरून गेलं. भावाने स्वतः पुरे म्हटलं. आता आठ वाजता जायचं, काढा म्हणून सांगायचं, आणि त्याला घरी न्यायचं.

खिडकीतून उजेड आला. समोरची खाट रिकामी होती. चादर ताणलेली. दाराची कडी आतून तशीच. वारा उलटला होता, दक्षिणेकडून बर्फाचा गारठा येत होता. एलिसेओने पाला फेकायला म्हणून तुंबी उचलली, आणि तशीच हातात धरून उभा राहिला.

नळी सरळ होती.

त्याने रात्री जशी खोचली होती तशीच. पाल्याचा उतारसुद्धा एका बाजूला अजून कोरडा, नीट लावलेला.

“मग?” नाचो म्हणाला.

“अमादेओ नळी ढवळायचा. लहानपणापासून. तुंबी हातात आली की आधी नळी धरून गरागरा फिरवायची, मग प्यायची. त्याने पाला बसतो, नळी तुंबते, सगळी चव जाते. एलिसेओ रोज पहाटे ओरडायचा, ‘अरे गाढवा, रस्सा आहे का तो ढवळायला!’ तो हसायचा आणि पुन्हा ढवळायचा. चाळीस वर्षांत त्याच्या हातून तुंबी कधी सरळ नळीने परत आलेली नाही. एकदाही नाही.”

माइलेन पाय वर घेऊन बसली.

“म्हणजे तो...”

“म्हणजे रात्रभर जे कोणी प्यायलं, ते अमादेओ नव्हतं. आणि आभार म्हटलं तेही अमादेओने नव्हे. एलिसेओने असा हिशोब केला. इरिसबाईला खोलीची किल्ली दिली, रात्री झोप लागली का या प्रश्नाला ‘हो’ म्हणाला, आणि गेला.”

डॉक्टरीणबाई वाटच बघत होत्या.

“काय ठरवलंत?”

“तो अजून बोललेला नाही,” एलिसेओ म्हणाला.

“एलिसेओ...” बाईंनी त्याच्या दंडाला हात लावला. “तो बोलणार नाही. मी काल तेच समजावलं ना तुम्हाला?”

“समजलं. पण त्याने पुरे म्हटलेलं नाही. म्हटलं तर मला कळेल. तोवर राहू द्या.”

बाईंना वाटलं असेल, झोंड्यात रात्र काढून माणूस बहकला. पण कायद्याने शब्द त्याचा होता. यंत्र राहिलं. पुढच्या पंधरवड्यात अमादेओ आपणहून श्वास घेऊ लागला. वसंतात एलिसेओ त्याला घरी घेऊन गेला. असं क्वचित होतं म्हणे. क्वचित म्हणजे होतं.

“मग चांगलंच झालं की,” नाचो म्हणाला. त्याचा आवाज जरा सैल झाला होता. “झोंड्यातलं कुणीतरी येऊन फसवणार होतं, आणि भाऊ फसला नाही. वाचला माणूस.”

“हो,” मी म्हटलं.

इथेच थांबायला हवं होतं. मला कुठे थांबावं हे कधीच कळलेलं नाही.

“यंदा द्राक्षं तोडायच्या आधी मी हाचालला गेलो होतो,” मी म्हटलं. “अमादेओला पाहिलं. बरा आहे. कांद्यात काम करतो. मला ओळखलं, ‘विहीर अजून आटली नाही का हो प्रोफेसर?’ म्हणून टोमणाही मारला. आम्ही तिघं पायरीवर बसलो. एलिसेओ ओतत होता. अमादेओला दिली. त्याने घेतली, प्यायली, परत दिली.”

मी काडीने निखारे सारले.

“नळी सरळ होती.”

निखाऱ्यात काहीतरी फुटलं. नाचोने दचकून पाय मागे घेतला.

माइलेन आधी बोलली. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. “आजोबा, त्यात काही नाही. मेंदूला हवा कमी पडली की अशा सवयी जातात. चमचा कसा धरायचा हेसुद्धा माणसं विसरतात. ढवळायचं विसरला, झालं.”

“मलाही तेच वाटतं,” मी म्हटलं. “मी तेच धरून चालतो.”

“मग घाबरवता कशाला?”

नाचो निखाऱ्यांकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, “ताई, पण सवय जर टाकीतच गेली असेल...”

“तर काय?”

“तर हॉटेलातल्या त्या रात्री ती आधीच गेलेली होती ना. मग तेव्हाही नळी सरळच राहिली असती. तो असता तरी.”

माइलेनने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“मग खाटेवर तोच होता,” नाचो म्हणाला. “आणि त्याने पुरे म्हटलं होतं.”

वेलीवर अजिबात वारा नव्हता. मला हे कधी ना कधी कुणीतरी म्हणेल याची धास्ती होती. हाचालहून आल्यापासून मी हे दोन्ही बाजूंनी मांडून पाहिलं आहे. एका बाजूने पाहिलं, तर एलिसेओने घरी भलतंच कुणी आणलं. दुसऱ्या बाजूने पाहिलं, तर भाऊ निरोप घेऊन गेला होता आणि याने त्याला जाऊ दिलं नाही. कुठली बाजू बरी, हे मला ठरवता येत नाही.

“एलिसेओला हे सुचलंय का?” माइलेनने विचारलं.

“मी विचारलं नाही. तो आता थर्मास रिकामा झाला की आत जातो आणि पुन्हा भरून आणतो. पहाटे बसतात ते उन्हं वर येईपर्यंत. शेजारी हसतात. अमादेओ परत देत राहतो, हा भरत राहतो.”

“आणि तो काही म्हणत नाही?”

“बाकी सगळं बोलतो. भाव विचारतो, शिव्या देतो. त्या दिवशी मला पुरे झालं होतं. मी तुंबी परत देताना म्हटलं, ‘आभार.’ सहज. आपण म्हणतो तसं. तर अमादेओने मान वर केली. माझ्या तोंडाकडे बघायला लागला. डोळ्यांकडे नाही. तोंडाकडे. मग त्याचे ओठ हलले. नीट, सावकाश, त्याच शब्दासारखे. दोनदा.”

“आणि?”

“आवाज आला नाही.”

एलिसेओ तेव्हा दुसरीकडे बघत होता. त्याने तुंबी भरली आणि भावापुढे धरली.